बसऱ्याची भीती

१८ जानेवारी १९३४, गुरुवार. मार्गासनी.

काल दुपारी नसरापुराला सर्व्हिस मोटारीतून उतरलो. पुढं दादाची बैलगाडी. दादाचं पहिलं वाक्य, "जित्ता आलास म्हंजे." दुसरं, "वाळलास." मग गाव येईपर्यंत दोघंही बैलांशीच बोललो. सरूचं नाव कुणी काढलं नाही.

सरू जाऊन सहा महिने झाले. मला समुद्रापार अरबी मुलखात, बसऱ्याला, पत्र पोचलं सव्वा महिन्यानं. तीन ओळींचं. रजा मिळाली ती आत्ता.

संध्याकाळी चावडीपुढं माणसं जमली. प्रश्न तोच. "तिकडं माणसं कापत्यात म्हनं?" "वस्तीतनं एकट्यानं हिंडता येतं का?" सात वर्षं झाली, दर रजेला हाच प्रश्न. रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे, दिवसभर इंजिनाच्या पोटात असतो, हे कुणाला ऐकायचं नसतं. सात वर्षांत तिथं माझ्या केसाला धक्का लागला नाही. इथं माझी बायको गेली. हे तोंडावर आलं होतं. गिळलं. म्हणून इथं लिहितो.

२० जाने., शनिवार.

दादाला म्हटलं, जागा दाखव. नदीवर घेऊन गेला. "हितं थांबलो," म्हणाला.

मी बसऱ्याला गेल्यापासून सरू माहेरीच, वेल्ह्याला. दुसरं बाळंतपण. आषाढातलं. कळा सुरू होऊन दोन दिवस झाले, सुईण म्हणाली माझ्या हातचं नाही. मग डोली करून सासरे आणि गावची चार माणसं पहाटे निघाली. इथं दादा मिळाला. भोरच्या डॉक्टरकडं न्यायचं तर ही नदी ओलांडायची. नदी दोन्ही काठ भरून. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत डोली काठावर ठेवून उभे. वर कांबळी धरून.

"पानी मागत हुती," दादा म्हणाला. दिवस मावळताना सरू गेली, पोटातलं मूलही.

आज पोटरीएवढं पाणी. बाया धुणं धूत होत्या. मी वहाणा हातात घेऊन पलीकडं गेलो आणि परत आलो. शंभर पावलंही नसतील.

बसऱ्यात आमच्या गल्लीपासून मिशनचा दवाखाना चालत पाव तास. बाई डॉक्टर आहे. तिला मी रोज कारखान्यात जाताना बघतो.

२२ जाने., सोमवार. वेल्हे.

मामांकडं (सासरे) आलो. माझी मुलगी मुक्ता दारात होती. सात वर्षांची झाली. अंगलट सरूची. माझ्या पाया पडली, पाहुण्याच्या पडतात तशी, आणि आत गेली. खजुराचा डबा दिला. तो तिनं आजीकडं दिला, आजीनं फळीवर ठेवला. झाकण कुणी उघडलं नाही.

आतून ऐकू आलं, "आजी, ह्ये किती दिस ऱ्हानार?"

मामी माझ्यासमोर येत नाहीत. जे सांगायचं ते मुक्ताला उद्देशून. "मुक्ते, इचार त्यास्नी, भाकर आनू का?"

२५ जाने., गुरुवार.

आज सांगितलं. जेवणं झाली होती, मामा ओटीवर कोयत्याला धार लावत होते. म्हटलं, परत जाताना मुक्ताला घेऊन जाणार. तिथं आपली शाळा आहे, दवाखाना आहे, घर आहे.

मामांनी धार लावायची थांबवली नाही. "न्हाई."

म्हटलं, मी बाप आहे.

"तुमी बापच हाईसा, पाव्हणं. पर त्या मुलखाला एक भाऊ दिलाय म्या. आता नात द्यायची न्हाई."

मोठ्या लढाईत मामांचा धाकटा भाऊ पलटणीतून तिकडं गेला होता. परत आला नाही. या खोऱ्यातली आणखीही गेली. त्या वाळवंटाचं नाव इथं म्हातारीकोतारी अजून "मेसपोट" असं घेतात. हळू आवाजात, देवीची साथ आल्यासारखं. मी जिथं रोज रिकामा डबा हलवत घरी येतो, तो यांचा मेसपोट.

मी आवाज चढवला. नको होता चढवायला. म्हटलं, तुमच्या सुरक्षित मुलखात माझी बायको पाण्याला तडफडत गेली.

कोयता थांबला. मामा उठून गोठ्यात गेले.

२८ जाने., रविवार.

सकाळी बाजारात दोघं-तिघं भेटले. "तिकडचे लोक सुरे बाळगत्यात म्हनं, दाजी?" विचारणाऱ्याच्या स्वतःच्या कमरेला आकडीत कोयता. इथं दर गड्याच्या कमरेला असतो. त्याची कुणाला भीती नाही, कारण तो आपला.

तिथं माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे, ती मी उन्हाळ्यात लावत नाही. घरमालकीण उम् हसन. हसनची आई एवढाच अर्थ, तिचं खरं नाव मला माहीत नाही. विधवा. तापानं पडलो होतो तेव्हा नऊ दिवस तिनं दारात सूप ठेवलं. आत यायची नाही, कारण घरात पुरुष एकटा. बाहेरून ओरडायची, मी ओ देईपर्यंत.

हे मी इथं कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. सुरे म्हटलं की बसतो.

४ फेब्रु., रविवार. मार्गासनी.

दादाचं म्हणणं, दुसरं लग्न कर. पोरगी आजोळीच बरी. "मोकळा ऱ्हाशील." मी काही बोललो नाही तर त्यानं ते होकारासारखं धरलं, दोन स्थळंही सांगितली. वहिनी चुलीपुढून म्हणाली, "तिकडं न्यायाला कोन पोरगी देनार ह्येंना?" दादा म्हणाला, "न्यायाचं कुठं म्हनतोय म्या? हितंच ठिवायची."

म्हणजे पहिलीसारखीच.

८ फेब्रु., गुरुवार. भोर.

कचेरीत गेलो. आम्ही संस्थानची रयत, त्यामुळं माझ्या पासपोर्टावर मुलीचं नाव चढवायला आधी इथला दाखला. कारकून भला माणूस वाटला. अर्ज वाचला, चष्मा काढला.

"मुलीची आई?"

"वारली."

"तिकडे तुम्ही कामावर गेल्यावर मुलीला कोण बघणार?"

म्हटलं, घरमालकीण आहे.

"आपल्याकडची?"

"नाही."

त्यानं काही लिहिलं नाही. म्हणाला, "आजवर आजोबांनी सांभाळलीय. त्यांची हरकत नाही एवढं त्यांच्या अंगठ्यानिशी आणा. तुमच्याच भल्याचं आहे."

वाटेत भाटघरच्या बाजूला बघत चालत आलो. डोक्यात राग. या सगळ्यांना वाटतं मी पोरीला वाघाच्या तोंडी नेतोय.

१२ फेब्रु., सोमवार. शिवरात्र. वेल्हे.

आज मुक्ता पहिल्यांदा आपणहून जवळ आली. उपासाची वरी घेऊन आली होती. बसली. मी म्हटलं, बसऱ्यात खजुराची झाडं इतकी की वर बघितलं तर आभाळ नाही. मोठे कालवे, होड्या. ऐकत होती. मग म्हणाली,

"पर तिथं रातचं गोळ्या झाडत्यात न्हवं."

"कुणी सांगितलं?"

"आन् तुमी लोखंडी कांब उशाला घिऊन निजता. आन् तुमच्या शेजारच्या मान्साला चोरांनी भोसकला. तवा तुमी कांब घिऊन धावला."

मी परत विचारलं, कुणी सांगितलं हे? तुझ्या आजोबांनी, आबांनी?

"तुमीच की. कागदात."

१३ फेब्रु., मंगळवार.

मामींनी पत्रं काढून दिली. सरूच्या लुगड्याच्या घडीत होती, सुतळीनं बांधलेली. तारखेनं लावलेली. मुक्ताच्या हातानं माझ्यापुढं ठेवली. "म्हनावं, वाचा."

सबंध सकाळ वाचली. पहिल्या दोन वर्षांतली जास्त लांब. सरूला तेव्हा वाचता येत नव्हतं, शाळेतले गुरुजी या ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचे. अर्धं गाव जमायचं म्हणे. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तसं लिहिलं.

"काल रात्री दरोडेखोरांनी आमच्या भिंतीवरून गोळ्या झाडल्या. मी दिवा विझवून कांब हाती घेऊन दाराशी उभा राहिलो."

गोळ्या झाडल्या होत्या हे खरं. पलीकडच्या आळीत लग्न होतं. तिथं लग्नात आनंदानं बंदुका उडवतात. सकाळी उम् हसननं मिठाई आणून दिली.

शेजाऱ्याला भोसकला. शेजारी यंत्रावर हात कापून घेऊन आला होता. कांब कारखान्यातली, खिडकी उघडी राहावी म्हणून ठेवलेली.

"जीव मुठीत धरून दिवस काढतो आहे. तुम्ही काळजी करू नये."

अक्षर माझंच. वळणदार.

१५ फेब्रु., गुरुवार.

का लिहिलं, हे दोन दिवस स्वतःला विचारतोय. उत्तर अगदी साधं आहे, त्याची लाज जास्त.

इथं मी कोण होतो? मार्गासनीचा, मराठी सातवीपर्यंत शिकून व्ह.फा. झालेला, शेतात न टिकणारा धाकटा. पुण्यात दुरुस्तीच्या मोटारीखाली लोळणारा. मामांच्या घरी जावई म्हणून बसलो की त्यांच्या पलटणीतल्या भावाच्या गोष्टी चालायच्या, मी ऐकायचो. मग माझी पत्रं या ओटीवर वाचली जायला लागली, आणि रजेवर आलो तर माणसं उठून जागा द्यायला लागली.

दोन वर्षांनी तसं लिहायचं थांबवलं. तोवर व्हायचं ते झालं होतं.

१८ फेब्रु., रविवार.

सव्वा वर्षामागच्या रजेचं लिहायचं राहिलं. टाळत होतो.

तेव्हा सरूला न्यायचं मनात होतं. खोली मिळाली होती, कारखान्यातले दोघे बायका घेऊन आले होते. मामांना विचारलं. मामा म्हणाले, "अशा मुलखात बाईमानूस? तुमीच लिवलंयसा." तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, ते खोटं होतं. माणसं बसली होती भोवती. मी म्हणालो, "बघू पुढल्या खेपेला." मामा म्हणाले, "शान्यासारखं बोलला."

सरू दाराआड उभी होती. पदर दिसत होता.

महिनाभर रजा. मग गेलो. मग पोट. मग नदी.

आल्यापासून या वहीत सगळ्यांना शिव्या दिल्या. मागची पानं फाडणार नाही. राहू देत.

१ मार्च, गुरुवार. होळी.

होळीला अजून वेळ होता, पोरं गोवऱ्या गोळा करत होती. मामा मागच्या परड्यात एकटे होते. सांगितलं. सगळं. लग्नातल्या बंदुका, कापलेला हात, खिडकीची कांब. म्हटलं, तिथं मला कधी भीती वाटली नाही. मी थापा मारल्या.

मामांनी मान वर केली. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग खोटं कवाचं? तवा लिवलं त्ये, का आत्ता बोलताय त्ये?"

"तेव्हाचं."

"आता पोर न्यायची हाय म्हनून?"

तेही होतंच.

मग म्हणाले, "माजा भाऊ दर कागदात लिवायचा. सुखरूप हाय. अन्नपानी झ्याक हाय. काळजी नसावी. शेवटचा कागद आला त्यात बी त्येच. त्यो आला तवा त्याला मरून म्हैना झाल्ता." खाली बघून काडीनं माती उकरत होते. "तुमचं कागद आलं तवा म्या म्हनलं, ह्यो गडी खरं लिवतोय. भ्या वाटतंय तर भ्या वाटतंय म्हनतोय. ह्येच्यावर इस्वास ठिवावा."

होळीला नैवेद्य दाखवायला त्यांना बोलावलं. ते गेले. मी नाही गेलो.

४ मार्च, रविवार.

मामा बोलत नाहीत. ओटीवर समोरासमोर बसतो. ते हिरडा निवडतात, मी बघतो.

दुपारी मामी पहिल्यांदा थेट बोलल्या. मुक्ता घरात नव्हती, त्यामुळं मध्ये घ्यायला कुणी नव्हतं. दाराच्या चौकटीला टेकून, माझ्याकडं न बघता.

"तिला म्हाईत हुतं."

"काय?"

"खोटं लिवताय त्ये. गुर्जी वाचून गेलं का हसायची. म्हनायची, ज्याच्या जिवाला खरंच भ्या आसंल त्यो येवढं लांबलचक लिवत बसंल का? दोन वळी लिवंल आन् घरी यील."

मामी थांबल्या नाहीत.

"जायाला तयार हुती ती. लई तयार हुती. वाचायला शिकली गुर्जींकडनं त्यासाठीच. म्हनायची, आबांचं मी बघते, त्येनी यकदा तोंडानं म्हनावं, चल."

मामी आत गेल्या. मग परत आल्या आणि म्हणाल्या, "म्या तुमास्नी सांगनार न्हवते. पर तुमी नदीचं आमाला बोललासा."

७ मार्च, बुधवार.

चल. दोन अक्षरं.

१० मार्च, शनिवार. भोर.

काल सकाळी मामा डोक्याला पटका बांधून निघाले. विचारलं, कुठं? "भोराला. तुमाला कागुद पायजे न्हवं."

सगळी वाट माझ्यापुढं चालत होते. सत्तरी जवळ आली असेल, पण मला गाठता येईना. मार्गासनीजवळ नदी आली. उतारावर क्षणभर थांबले, धोतर वर घेतलं आणि पार झाले. मागं वळून बघितलं नाही. रात्री मुक्काम करून आज कचेरीत.

कारकुनानं वाचून दाखवलं, "मुलीस परदेशी नेण्यास माझी हरकत नाही."

मामा म्हणाले, "हरकत हाय. हाय तर न्हाई कशी लिवायची? पर त्यो बाप हाय. येवढं लिवा."

कारकुनानं माझ्याकडं बघितलं. मग मामांकडं. शेवटी काय लिहिलं मी वाचलं नाही. मामांनी अंगठा उठवला, शाई पटक्याला पुसली. दाखला मिळाला. जिंकलो.

परत येताना एका हॉटेलात चहा पाजला. त्यांनी बशीतून प्यायला. म्हणाले, "त्यो मुलूख हाय तरी कसा? आता खरं सांगा." सात वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी सांगायला लागलो आणि माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. उम् हसनच्या सुपाचं सांगितलं. मामा ऐकून घेत होते. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. मलाही माझ्यावर ठेवता आला नसता.

१६ मार्च, शुक्रवार. पाडवा. वेल्हे.

गुढी उभारली. मुक्तानं कडुनिंब खाल्ला, तोंड वेडंवाकडं केलं, मी हसलो तेव्हा तीही जराशी हसली. हसली की गालावर डावीकडं खळी पडते. सरूला नव्हती. आईला माझ्या होती.

तेव्हापासून चैन नाही.

आमच्या गल्लीतल्या कालव्याला कठडा नाही. सात वर्षं तिथून जातो, आज आठवलं. उन्हाळ्यात गल्लीत दर घरी ताप असतो. मागं एकदा पटकी झाली होती, आम्ही कारखान्यात पत्ते खेळत बसलो होतो. मी सहाला जातो ते अंधार पडताना येतो. उम् हसन साठीची आहे. तिला मराठी नाही, मुक्ताला अरबी नाही. मुक्ता रडली तर ती काय म्हणतेय ते तिथं कुणाला समजणार? दाराची कडी नीट लागते का, हेही मला माहीत नाही. लावलीच नाही कधी.

सात वर्षं मला तिथं भीती वाटली नाही, याचा मला केवढा ताठा होता. भीती कशाची वाटणार? माझं तिथं होतं काय? जीव लावलेलं सगळं या खोऱ्यात ठेवलं होतं आणि त्याची राखण दुसऱ्यांवर टाकली होती. मोकळा होतो म्हणून निर्धास्त होतो.

आज बसऱ्याची भीती वाटतेय. पहिल्यांदा.

आणि इथली? इथं पाऊस दर वर्षी येणार. नदी दर वर्षी भरणार. मुक्ता दहा वर्षांत बाळंतपणाला आलेली असेल.

१९ मार्च, सोमवार.

बोट २६ला, मुंबईहून. बुधवारी सकाळी इथून निघायला हवं.

मुक्तानं आज विचारलं, "तिथं मला भ्या वाटंल का?"

नाही म्हणणार होतो. जीभ उचलली होती. म्हटलं, "वाटेल. मलाही वाटेल."

"कांब हाय का तुमच्याजवळ?"

"आहे. पण ती खिडकीची आहे."

विचार करत बसली. मग विचारलं, "आय गेली आस्ती का तिथं?"

म्हटलं, "गेली असती. मी विचारलं नाही."

"का?"

सात वर्षांच्या पोरीला काय सांगतात? जे इथं लिहिलं त्यातलं निम्मं सांगितलं. लोकांपुढं मोठा दिसायला मी खोटं लिहिलं, आणि मग खरं बोलायची लाज वाटली. तिनं ऐकलं. रागावली की नाही कळत नाही. तिचा चेहरा मला अजून वाचता येत नाही.

२१ मार्च, बुधवार. सकाळ.

दादा गाडी घेऊन पहाटेच आला. मामींनी गाठोडं बांधलंय. दोन परकर, सरूचं एक लुगडं, नाचणीचं पीठ. ते दाराशी आहे. मामा ओटीवर बसलेत, पटका न बांधता. सकाळपासून एकच वाक्य बोललेत, "पोरीला इचारा. यकदा तोंडानं इचारा."

आत गेलो. मुक्ता चुलीपाशी होती. खाली बसलो, तिच्या उंचीला. म्हटलं, "मुक्ता, मी जातोय. तू इथं राहिलीस तर आबा-आजी आहेत, मी रागावणार नाही, पावसाच्या आत रजा मागून येईन. येतेस तर चल."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "आजी येनार?"

"नाही."

उठली, हंडा घेतला आणि पाण्याला गेली.

त्याला बराच वेळ झाला. मामी विहिरीच्या वाटेकडं बघत उभ्या आहेत. दादा म्हणतोय, ऊन चढतंय, मोटार चुकेल. बैल जुंपलेत. मामा म्हणाले, "चुकू द्या."

मी गाडीच्या साटीवर बसून हे लिहितोय.